शनिवार, चार ते सहा

मॅडम बर्फाचा ट्रे ओट्याच्या कडेवर दोनदा आपटतात. सुटलेले खडे पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पातेल्यात पडतात आणि पातेलं टेबलावर येतं. शेजारी नॅपकिन. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून ठेवलंय. पुण्यात कर्वे रोडच्या मागच्या गल्लीतली ही जुनी इमारत. खाली झेरॉक्सवाला आहे, त्याच्या मशीनची घरघर जिन्यातून वर येते आहे.

“कोण करून बघणार?”

सगळ्यांत आधी उठतात ते बँकेतून निवृत्त झालेले काका. शर्टाच्या बाह्या दुमडायलाही लागतात.

“काका, तुमची बीपीची गोळी चालू आहे ना?”

“आहे की. सकाळी एक.”

“मग तुम्ही नाही. हृदयाचा त्रास असेल, बीपीची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करायचं नाही.”

काका बाह्या खाली घेतात, पण बसत नाहीत. पातेल्याजवळच हात मागे बांधून उभे राहतात.

शेवटी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा पुढे येतो. मॅडम त्याला आधी जिना पळत उतरून-चढून यायला सांगतात. तो धापा टाकत येतो, मनगटावर बोटं ठेवून स्वतःच नाडी मोजतो: १२४. मग श्वास रोखून, वाकून, कपाळापासून गालांपर्यंत चेहरा पाण्यात. खोलीतलं कोणी बोलत नाही. तीस सेकंदांनी तो वर येतो, भुवयांवरून पाणी निथळतंय. “आईशप्पथ,” एवढंच म्हणतो आणि पुन्हा नाडी धरतो. ९०.

डोळ्यांभोवती आणि गालांवर गार पाणी लागलं आणि श्वास रोखलेला असला की शरीर बुडी मारल्याचा अर्थ लावतं आणि हृदयाचे ठोके मंद करतं. सीलमध्ये ही यंत्रणा जोरकस असते, माणसात तिच्या मानाने बेताची, पण असते. “भावनेचा कडेलोट झालेला असताना तुमचा एकही शब्द आत पोचत नाही,” मॅडम सांगतात. “तेव्हा समजावू नका. आधी शरीर. यातून बरं व्हायला होत नाही. फक्त पाच-दहा मिनिटांची उसंत मिळते. पुढचं सगळं त्या उसंतीत करायचं असतं.”

या खोलीत पेशंट कोणीच नाही. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसॉर्डर असलेल्यांचा गट वेगळा, तो बुधवारी भरतो. शनिवारी येतात ती त्यांची माणसं: आई, बाप, नवरा, भाऊ. मला इथे बसू द्यायचं की नाही हे त्यांनी आधीच हात वर करून ठरवलंय. अट एकच, ओळख पटेल असं काही लिहायचं नाही. म्हणून वयं, गावं, नोकऱ्या मी इकडच्या तिकडे केल्या आहेत. वाक्यं मात्र त्यांचीच आहेत, आणि या खोलीत मोल आहे ते वाक्यांनाच.

काकांना आज वेगळीच गोष्ट दाखवायची आहे. गेल्या वेळी मॅडमनी आजाराची लक्षणं सांगितली होती. सोडून जातील ही कुरतडणारी भीती. सकाळी जो देव वाटतो तोच माणूस संध्याकाळी नजरेसमोर नकोसा होणं. आपण नेमके कोण आहोत हेच न उमगणं. पैसे, गाडी, नशा यांत घातक उतावळेपणा. स्वतःला इजा करणं किंवा जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भाषा. तासातासाला पालटणारं मन, आतली पोकळी, न आवरणारा राग, आणि ताण फार झाला की काही काळ येणारा संशय किंवा बधिरपणा. नऊ लक्षणं, त्यांतली पाच असली की निदान.

“मी हिशेब केला,” काका डायरी उघडतात. “नवातून पाच निवडायच्या तऱ्हा १२६. सहा निवडायच्या ८४. सात, ३६. आठ, ९. सगळीच्या सगळी, १. बेरीज २५६. म्हणजे एकाच नावाचा आजार २५६ तऱ्हांनी होऊ शकतो?”

“हो. आणि अशा दोन पेशंटमध्ये एकच लक्षण समान असू शकतं.”

“मग निदान करणाऱ्याने करायचं काय?”

मॅडम हसतात. हा प्रश्न काकांच्या एकट्याचा नाही. १९३८ साली न्यूयॉर्कच्या अॅडॉल्फ स्टर्न यांनी ‘बॉर्डर लाइन’ म्हणून एक गट वेगळा काढला तो अशा पेशंटांचा, जे तेव्हाच्या कुठल्याच कप्प्यात बसत नव्हते आणि तेव्हाच्या उपचारांना दादही देत नव्हते. पुढे १९७५ मध्ये जॉन गंडरसन आणि मार्गारेट सिंगर यांनी लक्षणांची नीट मांडणी केली, १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या ग्रंथात आजाराची नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने कप्पे मोडीत काढले, विकार किती तीव्र आहे ते बघायची पद्धत आणली, तरी बॉर्डरलाइनची खूण तेवढी राखून ठेवली. वाद मिटलेला नाही. पण ज्याच्या घरात रात्री दोन वाजता बाथरूमचं दार आतून लावलं जातं, त्याला त्या वादाशी फारसं घेणंदेणं नसतं.

“आमच्या हिला आधी बायपोलर म्हणाले होते,” चिंचवडच्या काकू म्हणतात. “दीड वर्षं गोळ्या घेतल्या.”

ही गल्लत नेहमीची. बायपोलरमध्ये मनाची चढती किंवा उतरती अवस्था दिवसच्या दिवस, आठवडेच्या आठवडे टिकते. इथे दुपारी बाराला सगळं छान असतं, साडेबाराला एका मेसेजवरून जग संपतं आणि चारला ती मैत्रिणीबरोबर कॉफी पीत असते. घरचे मात्र साडेबारालाच अडकून पडलेले. काही जणांना दोन्ही आजार असतात, ते वेगळंच. बॉर्डरलाइनसाठी म्हणून मंजूर झालेलं एकही औषध अजून नाही. सोबत नैराश्य, चिंता, झोपेचा त्रास असेल तर त्याची औषधं डॉक्टर देतात, आणि ती मनाने बंद करायची नसतात. मुख्य उपचार बोलण्याचा आणि सरावाचा.

काकूंच्या मनात दुसरंच काही आहे. त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतात, सोडवतात.

“म्हणजे आमचंच चुकलं ना मॅडम? मी नोकरी करत होते. ती पाळणाघरात असायची.”

मॅडम घाईने “नाही नाही” म्हणत नाहीत. मला तेच आवडतं. त्या खुर्ची काकूंच्या बाजूला वळवतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, साधारण चाळीस टक्के किंवा त्याहून थोडा जास्त. काही मुलं जन्मतःच पातळ कातडीची असतात. त्यांना चटकन लागतं, जोरात लागतं आणि लागलेलं लवकर शमत नाही. अशा मुलाला घरातून, शाळेतून सतत ऐकू येत राहिलं की ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस’, तर आपल्याला जे वाटतंय त्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास उरत नाही. अनेकांच्या बालपणात मारहाण, लैंगिक अत्याचार, आबाळ असते. अनेकांच्या बालपणात यातलं काहीही नसतं. “पाळणाघराने हा आजार होत नाही, काकू. पण ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस’ हे वाक्य तुमच्याकडे आहे का?”

काकू मान हलवतात. “सगळ्यांकडेच असतं ना ते.”

“सगळ्यांकडेच असतं. माझ्याही घरात आहे. बाकीच्या मुलांना ते पचतं.”

खरंच, हे वाक्य कोणत्या मराठी घरात नाही? आणि त्याची भावंडं: ‘नाटकं पुरे’, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’, ‘तुला कमी काय आहे?’ यांतलं एकही वाक्य बोलताना बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. या खोलीत बसून मला दिसतंय ते असं की माया इथे सगळ्यांकडे पोत्याने आहे. काका प्रत्येक शनिवारी पहाटेच्या एसटीने इथवर येतात ते काही कमी मायेने नाही. गोम वाक्यांत आहे. आणि वाक्यं बदलता येतात, माणूस आख्खा बदलावा लागत नाही.

पांढऱ्या बोर्डावर मॅडम आता गोल काढायला घेतात. एकाला एक अडकलेले. गुरुवारी रात्री काय झालं ते त्या पस्तिशीच्या तरुण नवऱ्याला विचारतात.

“काहीच झालं नव्हतं. मला उशीर झाला, बास. आणि घरात हा तमाशा.”

“तमाशा शेवटचा गोल. पहिला कुठला?”

तो आठवत जातो. सहा वाजता त्याने फोन केला होता, निघतोय म्हणून. मग साहेबांनी थांबवलं. मोबाइल मीटिंगमध्ये बंद पडला, चार्जर गाडीत. सव्वासहा, साडेसहा, पावणेसात. मॅडम प्रत्येक गोलात वेळ लिहितात. त्याच्या सांगण्यावरून तिने साबुदाण्याचे वडे करायला घेतले होते, हे त्याला मधेच आठवतं. आदल्या रात्री तिला झोप नव्हती, हे त्याहून उशिरा आठवतं. मॅडम तो गोल साखळीच्या आधी, डाव्या टोकाला काढतात. तिने अकरा वेळा फोन लावला. मग त्याच्या मित्राला लावला, तो उचलून “येईल गं” म्हणाला. मग तिने वडे कचऱ्यात टाकले. तो आठला पोचला तेव्हा ती बाथरूममध्ये होती, दार आतून बंद.

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी दार वाजवलं.”

“आणि?”

“म्हणालो, दार उघड, नाटकं बंद कर.”

मॅडम तेही एका गोलात लिहितात. त्याच अक्षरात, त्याच मार्करने. टिप्पणी नाही. तो बोर्डाकडे बघत राहतो.

“पुढे?”

“पुढे तिने स्वतःला लावून घेतलं. थोडंसंच. दवाखान्यात न्यायची वेळ नाही आली.”

कोणी हळहळत नाही. इथे त्याची सवय झालेली आहे, आणि हळहळीने कोणाचं भलं झाल्याचा त्यांना अनुभवही नाही. मॅडम मार्करचा रंग बदलतात, हिरवा घेतात. “यातला कुठला गोल वेगळा होऊ शकला असता? तिचे तीन शोधा, तुमचे दोन.”

तिचे तिला बुधवारी शोधायचे आहेत, तरी यालाही दिसायला हवेत. तिसऱ्या फोननंतर बर्फ. मित्राला फोन करण्याऐवजी खालच्या काकूंकडे जाऊन बसणं. आपल्या डोक्यात सध्या वस्तुस्थिती काय आणि भीती काय हे कागदावर दोन रकान्यांत लिहिणं. त्याचे दोन शोधायला जास्त वेळ लागतो. पहिला सोपा: साहेबांच्या फोनवरून एक मेसेज, पावणेआठ होतील. दुसरा बाथरूमच्या दारापाशी आहे.

“मग काय म्हणायचं होतं मी? सॉरी? मी काय केलंय?”

“सॉरी नाही. तुम्ही काही केलेलं नाही. पण तिला काय वाटलं असेल?”

“की मी येणारच नाही.”

“तेच म्हणायचं. ‘तुला वाटलं मी येणारच नाही. दोन तास काढलेस तसे. मी आलोय.’ तिचं खरं होतं असं यात कुठे आहे?”

तो विचार करतो. “नाही. पण म्हणजे उद्यापासून मी मीटिंग सोडून पळायचं का, अकरा फोन आले की?”

“अजिबात नाही. तिला जे वाटतं त्याची दखल घ्यायची, ती जे करते त्याला मान तुकवायची नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरोघरी नेमक्या उलट होतात. वाटण्याला ‘नाटक’ म्हणायचं आणि मग घाबरून मागणी मान्य करायची.”

काका डायरीत हे वाक्य उतरवून घेतात, खाली रेघ मारतात. मला वाटतं आजच्या दोन तासांतलं सगळ्यांत कामाचं वाक्य हेच.

मॅडम मार्कर खाली ठेवून एक गोष्ट बजावतात, आवाज जरा चढवून. आजच, आत्ता जिवाला धोका आहे असं वाटलं तर गोल काढत बसायचं नाही. माणसाला एकटं सोडायचं नाही, घातक वस्तू दूर करायच्या आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. नवरा हळूच विचारतो, पोलीस केस होते का? त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की गुरुवारी दवाखान्यात न नेण्यामागे हेही एक कारण होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं असतं आणि तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं ३०९ कलम आलेलंच नाही. “आधी पेशंट, मग कागद,” मॅडम म्हणतात.

चहा येतो. कटिंगचे ग्लास, पारले-जीचा पुडा. चहाबरोबर येते ती आजची पाहुणी.

बत्तीस वर्षांची, एका शाळेत चित्रकला शिकवते. पूर्वी बुधवारच्या गटात होती. आता तिच्यात निदानाला पुरतील इतकी लक्षणं नाहीत, गेली काही वर्षं नाहीत. ती पिशवीतून एक प्लास्टिकची फाइल काढते आणि तिच्यातला एक कागद पुढे सरकवते. डायरी कार्ड. आडव्या सात ओळी, सोमवार ते रविवार. उभे रकाने: राग, लाज, दुःख, स्वतःला इजा करण्याची ओढ, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. शेवटचा रकाना कुठलं कौशल्य वापरलं याचा. कागद घडीवर फाटायला आलाय, समासात पेनाने काढलेली पिंपळाची पानं आहेत. मंगळवारच्या ओळीत लिहिलंय: लाज ५, राग ४, ओढ ५. आणि शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात: ‘बर्फ. मग जिना. मग आईला फोन केला नाही.’ बुधवारची ओढ ३ आहे. गुरुवारी पुन्हा ५.

“हे रोज भरायचं?” विद्यार्थी विचारतो.

“रोज. झोपायच्या आधी. मला वाटायचं मॅडम येड्या आहेत. माझं आयुष्य जळतंय आणि या मला तक्ते भरायला लावतात.” ती मॅडमकडे बघते, मॅडम पारले-जी चहात बुडवताहेत. “आमच्या मिक्सरचं बटण एकदा बिघडलं होतं. एकवर नाही, दोनवर नाही, डायरेक्ट तीन. माझं तसं होतं. मला एक आणि दोन माहीतच नव्हते. तक्ता भरून भरून कळायला लागलं की आज तीन होता, पाच नाही.”

काकूंना तिचा हात धरायचा आहे हे स्पष्ट दिसतं, पण त्या धरत नाहीत.

ती आणखी सांगते. एका रात्री तिला कॅज्युअल्टीमध्ये आणलं होतं तेव्हा ड्यूटीवरचे डॉक्टर फाइल बघून म्हणाले होते, “पुन्हा आलात?” टाके घालताना त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. हा आजार असलेल्यांना ‘लक्ष वेधून घेतात’, ‘खेळवतात’ असं म्हणायची चाल डॉक्टरांतही आहे आणि तिने पेशंटांचं फार नुकसान केलंय.

“बरं किती जण होतात?” काका आकडा मागतात. मॅडमकडे तो आहे. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये मेरी झनारिनी यांनी १९९२ पासून २९० पेशंटांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. सगळे हॉस्पिटलात भरती करावे लागलेले, म्हणजे सौम्य आजाराचे नव्हेत. पहिल्या दोन वर्षांत साधारण एक तृतीयांश जण निदानाच्या रेषेखाली आले होते, सहा वर्षांत दोन तृतीयांशांहून जास्त. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांना कमीत कमी सलग दोन वर्षं लक्षणांपासून सुटका मिळाली. काका ९३ लिहून त्याभोवती चौकोन काढतात.

“थांबा काका, पुढचा आकडाही लिहा. लक्षणं गेली आणि शिवाय टिकून राहील अशी नोकरी किंवा शिक्षण आहे, जवळचं माणूस आहे, असे दहा वर्षांत निम्मेच होते.”

काका ५० लिहितात. चौकोन काढत नाहीत.

“ते खरंय,” पाहुणी म्हणते. “कापून घेणं थांबायला मला वर्ष लागलं. शाळेत सहा महिन्यांच्या वर टिकायला चार. स्टाफरूममध्ये कोणी माझ्याकडे न बघता गेलं की अजून पोटात खड्डा पडतो. फक्त आता मी त्याच्या मागे जात नाही.”

तक्ते भरायला लावणारी ही पद्धत मार्शा लिनेहान यांची, नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, बोलण्यात डीबीटी. आठवड्याला एकदा एकट्याने थेरपिस्टबरोबर, एकदा गटात कौशल्यांचा वर्ग, मधे अडलं तर फोन, आणि थेरपिस्ट मंडळींची स्वतःची वेगळी बैठक, कारण या कामात त्यांचाही धीर सुटतो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात काम करताना लिनेहान यांनी १९९१ मध्ये पहिली चाचणी प्रसिद्ध केली. वीस वर्षांनी, जून २०११ मध्ये, हार्टफर्डच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंगमध्ये भाषणाला उभ्या राहून त्यांनी सांगितलं की १९६१ साली, सतराव्या वर्षी, आपण इथेच भरती होतो, दोन वर्षांहून जास्त काळ. तेव्हा त्यांचं निदान स्किझोफ्रेनिया झालं होतं. सांगितलं तेव्हा त्या ६८ वर्षांच्या होत्या. पाहुणीला हे पाठ आहे; ती सांगताना काकू तोंडावर हात ठेवतात.

“हे श्वासाकडे बघणं वगैरे, म्हणजे आपली विपश्यनाच की,” मागून कोणीतरी म्हणतं. जवळची आहे, तीच नाही. लिनेहान यांनी ते झेन गुरूंकडून घेतलं, कॅलिफोर्नियातल्या शास्ता अॅबीत आणि जर्मनीत. त्यातला धर्म बाजूला ठेवला, सराव ठेवला. इगतपुरीचं दहा दिवसांचं मौन मात्र वादळ चालू असलेल्या माणसावर घरच्यांनी लादायची गोष्ट नव्हे, हे मॅडम ठासून सांगतात. इथे सुरुवात तीन मिनिटांनी होते, डोळे उघडे ठेवूनही चालते.

काकांना अजून एक विचारायचं आहे. आमच्याकडे, गावाकडे, हे सगळं कुठून आणायचं? ही खरी अडचण. हा पूर्ण कार्यक्रम शिकलेली माणसं मोठ्या शहरांतही मोजकी, आणि वर्षभराची फी सगळ्यांना झेपणारी नाही. मॅडम टोरंटोच्या २००९ च्या एका चाचणीबद्दल सांगतात. शेली मॅकमेन आणि सहकाऱ्यांनी १८० पेशंट घेतले. निम्म्यांना डीबीटी, निम्म्यांना या आजाराची जाण असलेल्या मनोविकारतज्ज्ञाकडून साधे, नियमित, नीट आखलेले उपचार. वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. म्हणजे गावातल्या डॉक्टरने हा आजार ओळखला, पेशंटला टाळलं नाही आणि वर्षभर वेळ दिला, तर तोही रस्ता आहे. लंडनमध्ये बेटमन आणि फोनागी यांनी आणखी एक काढला, त्यात समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचे अंदाज सावकाश तपासायला शिकवतात. रस्ते बरेच आहेत. जवळचा धरावा.

विद्यार्थी मघापासून गप्प आहे. त्याच्याकडे आजारी आहे तो मोठा भाऊ. “सगळीकडे मुलींचीच उदाहरणं का असतात?” तो विचारतो. दवाखान्यात जास्त करून मुली येतात. घरोघर जाऊन केलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत मात्र स्त्री-पुरुषांच्या प्रमाणात फारसा फरक सापडला नाही. मुलगा भिंतीवर मूठ आपटतो तेव्हा आपण म्हणतो, आजोबांवर गेलाय, तापट आहे. “माझे आजोबा खरंच तसे होते,” तो म्हणतो. मॅडम म्हणतात, असतील.

साडेपाच. आता सरावाची वेळ. काका आणि मॅडम समोरासमोर खुर्च्या ओढून बसतात. मॅडम काकांची मुलगी. मैत्रिणीने मेसेज वाचलाय, निळ्या खुणा दिसताहेत, उत्तर नाही. मॅडम खांदे पाडतात, नख कुरतडायला लागतात. वय दहा वर्षांनी उतरतं.

“बाबा, तिला माझा कंटाळा आलाय.”

“अगं, कामात असेल,” काका लगेच.

“थांबा. हे चूक नाही, लवकर आहे. पुन्हा.”

“बाबा, तिला माझा कंटाळा आलाय.”

काका घसा साफ करतात. डायरीकडे नजर जाते, ती मॅडम उचलून मांडीखाली ठेवतात. “तुला… तुला वाईट वाटतंय. पण बाळा, अशा किती मैत्रिणी येतात आणि…”

“‘पण’च्या आधी थांबायचं, काका. ‘पण’ने मागचं सगळं पुसलं जातं.”

तिसऱ्यांदा. काका या वेळी सावकाश सुरू करतात, गुडघ्यांवर तळवे ठेवून. “तिने वाचलं आणि उत्तर दिलं नाही. तू मघापासून फोन बघतेयस. तुला भीती वाटतेय ना, की तीपण गेली?”

मॅडम मान वर करतात. डोळे बारीक. “हे तुम्हाला त्या क्लासमध्ये शिकवलंय ना?”

खोलीत एकदम हशा. पाहुणीच्या हातातला चहा सांडतो. काकांची मात्र गाडी अडते; डायरीत याचं उत्तर नाही.

“हो,” अखेर ते म्हणतात. “शिकवलंय. अजून नीट जमत नाही मला.”

“मग कशाला करताय?”

“रिटायर झालोय, वेळ आहे,” काका म्हणतात. “सांग. काय लिहिलं होतंस मेसेजमध्ये?”